भंगारातला फोर्ड ८.८ ॲक्सल घेतला त्याचा रिव्ह्यू (आणि त्याआधी घेतलेल्या चुकीच्या ॲक्सलचा पण)

आधीच सांगतो, ही नवी कोरी वस्तू नाहीये. वीस-पंचवीस वर्षं मिशिगनच्या मिठाच्या रस्त्यावर (हिवाळ्यात बर्फ वितळायला मीठ टाकतात) फिरून मग कुणीतरी ठोकलेल्या नाहीतर कंटाळून सोडून दिलेल्या गाडीखालून मी स्वतः चिखलात झोपून काढलेला मागचा ॲक्सल आहे, फोर्ड एक्सप्लोररचा. इकडे सगळे त्याला एट पॉइंट एट म्हणतात कारण आतल्या क्राऊनचा, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास ८.८ इंच. नेटवर त्याचं कौतुक इतकं आहे की वाटावं आणला, चार यू बोल्ट मारले आणि निघाली गाडी. तसं अजिबात होत नाही म्हणून हे लिहितोय.

माझ्या गॅरेजमध्ये १९६६ ची मस्टँग उभी आहे. ऐकायला भारी वाटतं पण ही सहा सिलिंडरची, चार बोल्टच्या चाकाची, म्हणजे त्या काळी ऑफिसला जायला घ्यायचे ती गरीब मस्टँग. इंजिन २०० क्युबिक इंचाचं आणि मागे ७.२५ इंच क्राऊनचा बारका ॲक्सल. आता तिच्यात ३०२ व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवतोय, ते पण एका एक्सप्लोररमधूनच काढलेलं. त्या इंजिनाला हा बारका ॲक्सल म्हणजे म्हशीला शेळीचं दावं. पहिल्या सिग्नलला जोरात क्लच सोडला की दात गेले समजा. बायकोचं म्हणणं असं की घरात दोन चालत्या गाड्या असताना तिसरी न चालणारी कशाला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि ते या रिव्ह्यूत पण मिळणार नाही.

मग पर्याय बघितले. व्ही ८ वाल्या मस्टँगला कंपनीचाच ८ इंची ॲक्सल यायचा, तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, सरळ जागेवर बसतो. पण आता तो यार्डात, म्हणजे गाड्यांच्या भंगारात, मिळत नाही, ज्याच्याकडे आहे त्याला त्याची किंमत माहितीये, आणि एवढं करून ब्रेक ड्रमचेच. दुसरा ९ इंची, १९५७ ते १९८६ पर्यंत फोर्डने बनवला, ड्रॅग रेसवाले त्याच्यावर जीव टाकतात. मजबूत आहे यात वादच नाही, टेल पिनियनला (क्राऊन फिरवणारं छोटं दातेरी चाक) आतल्या टोकाला एक जास्तीचं बेअरिंग आहे, आणि अख्खा डिफ्रन्सल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा मधला गिअरचा गोळा) पुढून बोल्ट काढून हातात येतो, रेशो, म्हणजे क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे, तो बदलायला एकदम सोपं. पण पिनियन क्राऊनच्या मध्यापासून बराच खाली बसतो त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच खाल्ली जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे यार्डातले ९ इंची केव्हाच उचलले गेलेत, नवा बांधून घ्यायचा तर हजारांत खेळ. माझी गाडी रविवारी आइस्क्रीम खायला जाणार, तिला एवढं काय करायचंय.

म्हणून ८.८. हा १९८३ पासूनचा. बनायचा कुठे, तर स्टर्लिंग हाइट्सला, म्हणजे माझ्या घरापासून तासाभराच्या आत. गावची वस्तू आहे म्हणा ना. पण सगळे ८.८ सारखे नाहीत हे डोक्यात ठेवा. फॉक्स बॉडी, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या, मस्टँगचा ८.८ आहे त्याला शाफ्ट २८ स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा), आणि तो कॉइल स्प्रिंगसाठी बनवलेला. एक्सप्लोररचा शाफ्ट ३१ स्प्लाइनचा, जाड, आणि १९९५ ते २००१ च्या गाड्यांना मागे डिस्क ब्रेक फुकटात. त्याआधीच्या एक्सप्लोररला ड्रम. २००२ ला चार दरवाजांची नवी एक्सप्लोरर आली तिला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, तिच्याखाली सरळ दांड्याचा ॲक्सलच नाही, तिथे वाकून वेळ घालवू नका. १९९७ ते २००१ ची मर्क्युरी माउंटेनियर दिसली तर ती पण तपासा, खाली तोच माल, आणि लोक नाव बघून पुढे जातात त्यामुळे ती शिल्लक असते. चाकाचे पाच बोल्ट ४.५ इंचाच्या वर्तुळावर, व्ही ८ मस्टँगला तेच. नळ्या सव्वातीन इंची, जाड.

आता थोडं काकांबद्दल, कारण या रिव्ह्यूतली अर्धी अक्कल त्यांची आहे. काकांनी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला आयुष्यभर गॅरेज चालवलं आणि त्यातलं अर्धं आयुष्य वडापच्या जीपा नि कमांडरखाली गेलं. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी, नऊ माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसं, दोघं मागे लटकलेली, टपावर पोती, आणि घाट. मागच्या ॲक्सलचं खरं टेस्टिंग तिथे होतं, कुठल्या लॅबमध्ये होत नाही. मी यार्डातून सकाळी नऊला व्हिडिओ कॉल लावायचो तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, चहा झालेला, मूड चांगला.

पहिल्या दिवशी मी काकांना फोन केलाच नव्हता. तिथेच माती खाल्ली.

झालं असं की यार्ड म्हणजे इकडचं सेल्फ सर्व्हिस भंगार, आत जायला दोन डॉलर, स्वतःची हत्यारं न्यायची, गॅस कटिंग अजिबात चालत नाही, गाड्या जुन्या रिमा वेल्ड करून बनवलेल्या स्टँडवर ओळीत उभ्या. मी वाचून गेलो होतो की ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो आणि त्यावर ॲक्सलचा कोड. ४६ असेल तर ३.७३ रेशो साधा ओपन, डी ४ असेल तर ३.७३ लिमिटेड स्लिप. ओपनमध्ये एक चाक घसरलं की सगळी ताकद त्यातच वाया जाते, लिमिटेड स्लिपमध्ये क्लच प्लेटा असतात त्यामुळे दुसरं चाक पण ओढतं. कोडच्या सुरुवातीला अक्षर आलं की लिमिटेड स्लिप एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. शिवाय डिफ्रन्सलच्या झाकणाच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रेशो. नुसतं ३ ७३ असेल तर ओपन, मधल्या टिंबाच्या जागी एल अक्षर असेल तर लिमिटेड स्लिप. मला अशी गाडी सापडली जिचा दारच कुणीतरी चौकटीच्या पत्र्यासकट कापून नेला होता, म्हणजे स्टिकर नाही. पण पट्टी होती, एलवाली, ३.७३ ची. मी खूश. चार तास झोपून काढला, यू बोल्ट गंजून एकजीव झालेले, एका बोल्टला चाळीस मिनिटं. काउंटरवरच्या माणसाला विचारलं तो म्हणाला हो हो तीन त्र्याहत्तर, पावतीवर पण तसंच लिहून दिलं.

घरी आणून झाकण उघडलं तर क्राऊनच्या कडेवर आकडे ठोकलेले, ३९ ११. भागाकार करा, ३.५५. आणि आत लिमिटेड स्लिप पण नव्हतं, साधा स्टार सेट (डिफ्रन्सलच्या आतले छोटे गिअर), म्हणजे ओपन. म्हणजे कुणीतरी कधीतरी दुसऱ्या गाडीचं झाकण लावलं होतं आणि पट्टी झाकणाच्या बोल्टसोबत आली. पट्टी झाकणाची असते, क्राऊनची नसते! हे एवढं साधं मला आधी कळलं नाही. यार्डात परत गेलो तर म्हणे इलेक्ट्रिक आणि ड्राइव्हट्रेन पार्टला पैसे परत नाहीत, दुसरा माल घ्या, त्यातही पुन्हा काढायची मेहनत माझीच. पावतीवर त्यांच्याच हस्ताक्षरात ३.७३ लिहिलेलं दाखवलं तर तो माणूस शांतपणे म्हणाला हे मी तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं. बरोबरच होतं त्याचं एका अर्थी. तरी यार्डाला सर्व्हिससाठी दोन स्टार, एक पार्किंगसाठी आणि एक त्या कुत्र्यासाठी जो माझ्या डब्यातल्या पोळीसोबत दिवसभर माझ्याशेजारी बसला.

संध्याकाळी काकांना फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे लेका, तू पाटी वाचून जेवायला बसतोस का वास घेऊन? झाकण तिथंच उघडायचं की."

मग दुसऱ्या वेळी झाकण तिथंच उघडलं. मोजायची रीत पण त्यांनीच सांगितली, झाकण न उघडता करता येते म्हणून आधी ती. दोन्ही चाकांच्या बाजू मोकळ्या फिरत असतील तर एक बाजू फिरवून बघा. दुसरी बाजू त्याच दिशेला फिरली तर लिमिटेड स्लिप आहे आणि अजून पकड आहे. उलट दिशेला फिरली तर एकतर ओपन आहे किंवा लिमिटेड स्लिपच्या क्लच प्लेटा झिजून संपल्यात, म्हणजे उलट फिरली म्हणून टाकून देऊ नका, आत बघा, प्लेटांचं किट मिळतं आणि ते महाग नाही. रेशोसाठी ओपनवाल्यात एक बाजू कुणालातरी घट्ट धरायला सांगायची, दुसरी बाजू बरोब्बर दोन फेरे फिरवायची आणि पुढे पिनियनचे फेरे मोजायचे. एक बाजू अडकवली की दुसरी दुप्पट फिरते म्हणून दोन फेरे. पावणेचारच्या जरा आत आले तर ३.७३, साडेतीनच्या किंचित वर तर ३.५५. खडूने खूण करा, अंदाजाने नको. आणि मग झाकण उघडून दातांचे आकडे वाचा. ४१ ११ म्हणजे ३.७३. ४१ १० म्हणजे ४.१०. ३६ ११ म्हणजे ३.२७. आकडा ठोकलेला असतो, खोटं बोलत नाही.

बरं ३.७३ च का हवा हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत, सगळे म्हणतात म्हणून. माझ्या गाडीला टी ५ गिअरबॉक्स आहे, पाचवा गिअर ०.६८ चा. मागचा टायर २५ इंच उंच धरला तर ताशी ६५ मैलाला ३.७३ वर इंजिन साधारण २२०० आरपीएमवर आरामात चालतं. तोच ॲक्सल जुन्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला लावला, जिचा शेवटचा गिअर सरळ एकास एक, तर तेवढ्याच वेगाला ३२५० च्या वर, हायवेवर कान किटतील, त्यांनी ३.२७ शोधावा आणि तो यार्डात पडून असतो कारण कुणाला नको असतो. म्हणजे गंमत अशी की माझ्या चुकीच्या ॲक्सलसाठी पण कुणीतरी योग्य माणूस असणारच, ३.५५ वाईट नाहीये, मला नको होता एवढंच. आधी गिअरबॉक्स ठरवा मग यार्डात जा. उलटं करू नका.

दुसरा ॲक्सल मिळाला १९९९ च्या एक्सप्लोररखाली, जिचं छप्पर चेपलेलं, म्हणजे गाडी लोळलेली. काका खूश. त्यांचं म्हणणं छप्पर चेपलेली गाडी डिफ्रन्सलसाठी उत्तम, मागून किंवा मागच्या चाकावर ठोकलेली असेल तर नळी वाकलेली असणार, हात लावू नको. तरी तपासलं. दोन्ही बाजूच्या डिस्कमधलं अंतर टेपने पुढच्या बाजूने मोजायचं, मग तेवढ्याच उंचीवर मागच्या बाजूने. दोन्ही सारखं आलं पाहिजे, सोळांश इंच इकडेतिकडे चालेल, जास्त फरक असेल तर हाउसिंग वाकलंय. दोन मिनिटांचं काम, पण मी यार्डात बाकी कुणाला हे करताना बघितलं नाही, सगळे फक्त पट्टी वाचतात. मागे ट्रेलरचा हूक आहे का ते पण बघा, बोट नाहीतर घर ओढत फिरलेली गाडी असेल तर तेल जळलेलं असू शकतं.

तेलाचा भाग महत्त्वाचा. झाकण सैल केलं, खाली ट्रे धरला. काका फोनवर ओरडतायत, "बोट घाल बोट! पांढरं हाय का बघ. पांढरं असलं तर उठ तिथनं." पांढरट दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय, बेअरिंग गंजलेली असणार. काळं असेल तर चालतं. बोटाला चंदेरी चकाकी लागली, ती पण चालते, इतक्या वर्षांत थोडी झीज होणारच, पण चकाकी म्हणजे पावडर पाहिजे, नखाने उचलता येईल असा तुकडा सापडला की झाकण लावून पुढच्या गाडीकडे. जळका वास आला तरी पुढे. मग दातांची तोंडं बघायची, टॉर्च तिरका धरून, घास एकसारखा असला पाहिजे, खड्डे किंवा निळसर डाग नकोत. आणि पिनियन वर-खाली हलवून बघा, तिथे जरा पण झोल असेल तर बेअरिंग गेलं. क्राऊन पुढे-मागे केल्यावर थोडी टकटक मात्र असतेच, बॅकलॅश, ती शून्य असेल तर उलट काळजी करा. घरी डायल लावून मोजली तेव्हा माझी १२ थाऊ (इंचाचा हजारावा भाग) आली, ८ ते १५ पर्यंत ठीक.

आता एक गोष्ट जी मला कुठेच ठळकपणे वाचायला मिळाली नाही. या ॲक्सलमध्ये चाकाकडचं बेअरिंग सरळ शाफ्टवरच चालतं, मधे वेगळी आतली रिंग नाही. म्हणजे बेअरिंगने चरा पाडला तर तो शाफ्टलाच पडतो, नवीन बेअरिंग घालून काही फायदा नाही. त्यामुळे शाफ्ट बाहेर काढून बघितल्याशिवाय घेऊ नका. काढायला सोपं आहे, झाकण उघडंच आहे, स्टारच्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट काढायचा, पिन सरकवायची, शाफ्ट आत ढकलला की सी आकाराची क्लिप खाली पडते आणि शाफ्ट बाहेर. तो लॉक बोल्ट मात्र नाजूक, झटका मारू नका, तुटला तर डोक्याला ताप. माझ्या उजव्या शाफ्टला नखाला लागेल एवढा चरा होता, डावा चकाचक. मी नाराज, काका म्हणाले, "डावा तसाबी तुला कापायचाय न्हवं? मग उजवे दोन शोध." हे मी त्यांना आदल्या रात्री सांगितलं होतं आणि स्वतःच विसरलो होतो.

कापायचं प्रकरण असं. एक्सप्लोररचा ॲक्सल चाकाच्या तोंडापासून तोंडापर्यंत साडेएकोणसाठ इंच. १९६७ ते ७० च्या मस्टँगला हे जवळजवळ जुळतं, ते लोक नशीबवान. ६५-६६ ला साधारण सव्वासत्तावन्न लागतात, म्हणजे एक्सप्लोररचा घातला तर टायर फेंडरच्या बाहेर. शिवाय याचा डिफ्रन्सल (इकडचे लोक त्याला भोपळा म्हणतात, आकार बघितला तर पटतं) मधोमध नाही, उजवीकडे सरकलेला आहे, म्हणून उजवा शाफ्ट आखूड आणि डावा लांब. यावर कुणीतरी फार हुशार तोड काढलेली आहे. डावी नळी तीनेक इंच कापायची आणि तिकडे पण दुसऱ्या एक्सप्लोररचा उजवा आखूड शाफ्ट घालायचा. कंपनीचाच शाफ्ट, लेथवर स्प्लाइन पाडायला नको, भोपळा पण मधे येतो आणि रुंदी साडेछप्पनच्या आसपास, जी योग्य रिम घेतली की पुरते. ज्याने पहिल्यांदा हे केलं त्याला कोल्हापुरी फेटा बांधला पाहिजे. म्हणजे खरेदीची यादी एक ॲक्सल आणि एक जास्तीचा उजवा शाफ्ट अशी होते, माझी एक ॲक्सल आणि दोन उजवे अशी झाली. यार्डात एक्सप्लोरर ओळीने असतात, शाफ्ट ३८ डॉलरला दोन दिले, बहुतेक काउंटरवर पुन्हा वाद नको म्हणून असावं.

नळी कापणं आणि जोडणं मी स्वतः केलं नाही आणि तुम्ही पण करू नका, जोपर्यंत तुमच्याकडे जिग (नळी सरळ धरून ठेवणारा साचा) नाही. नळी सरळ रेषेत नसेल तर बेअरिंग खाल्ली जातात. इथे एका म्हाताऱ्या माणसाचं एकट्याचं वर्कशॉप आहे, त्याने आत जाडजूड अलाइनमेंट बार घालून नळी कापली, जोडली, थंड होऊ दिली, परत तपासली. त्याच वेळी नळ्या भोपळ्याला जिथे घुसतात तिथे पण वेल्ड मारून घेतली, कारण कंपनीने त्या दाबून बसवून फक्त थोडे ठिपके वेल्ड केलेत आणि जास्त ताकदीत नळी आतल्या आत फिरते अशी या ॲक्सलची जुनी तक्रार आहे. अडचण ही की भोपळा बिडाचा आणि नळी पोलादाची. बीड तापवल्याशिवाय वेल्ड केलं की तडकतं हे कोल्हापूरच्या पोराला सांगायला नको, अख्खं गाव ओतकामावर जगलंय. म्हातारबुवांनी आधी सगळं गरम केलं, निकेलचा रॉड वापरला, थोडं थोडं समोरासमोर मारत गेले आणि नंतर जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवला. सकाळी फोन करून म्हणाले बाळ झोपलंय अजून, दुपारी या. त्यांना पाच पैकी पाच.

पाटे (लीफ स्प्रिंग) बसायचे पॅड पण एक्सप्लोररचे कापून टाकावे लागतात, मस्टँगच्या पाट्यांमधलं अंतर वेगळं. नवीन पॅड सव्वातीन इंची नळीचे मागवा, जुन्या मस्टँगचे म्हणून मागवलेले बारीक नळीचे येतात, मी एकदा परत पाठवले. आणि ते वेल्ड करायची घाई नको, गाडी चाकांवर वजनासकट उभी करा, पॅड सैल ठेवून पिनियनचं नाक गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या समांतर रेषेपेक्षा दोन-तीन अंश खाली करा, कारण ॲक्सिलरेटर दिला की पाटे पिळवटून नाक वर उचलतं, मग टाके मारा. हे आधी केलं की पुन्हा कापायची पाळी. पुढे पिनियनला गोल फ्लँज आहे, मस्टँगचा प्रोपेलर शाफ्ट तिथे लागत नाही, नवा बनवून घ्यावा लागला. हा खर्च कौतुक करणाऱ्यांच्या हिशोबात का नसतो देव जाणे. वर एबीएसच्या सेन्सरचं भोक राहतं, त्याला बूच.

ब्रेक चांगले. हँडब्रेकसाठी डिस्कच्या आतच छोटा ड्रम दिलाय, कल्पना छान, पण मिशिगनच्या मालात तो हमखास गंजून पत्र्यासारखा सुटतो, बॅकिंग प्लेट नीट बघा, ती नवी घालायची तर शाफ्ट काढावे लागतात, म्हणून सगळं एकदाच. दक्षिणेकडच्या कोरड्या राज्यातून आलेली गाडी यार्डात दिसली तर रंग उडालेला असेल पण खालून ती नवरीसारखी असते, आधी तिच्याकडे पळा. आणि हो, १९६६ ची मस्टँग एकाच सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर चालते, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन सर्किटचा १९६७ पासून आला. मागे डिस्क घालताय म्हणजे मास्टर सिलिंडर बदलाच, त्याचे पैसे मी ॲक्सलच्या खात्यात धरत नाही, ते तसेही करायलाच हवं होतं.

हिशोब मांडतो. ॲक्सल १८९ (बदली मिळाला म्हणून एकदाच), शाफ्ट ३८, पॅड आणि यू बोल्ट ६४, बेअरिंग सील तेल आणि लिमिटेड स्लिपचं फ्रिक्शन मॉडिफायर मिळून ११२, क्लच प्लेटांचं किट ९५, डिस्क पॅड कॅलिपर २३६, म्हातारबुवा ३००, प्रोपेलर शाफ्ट ३६५. चौदाशेला एक डॉलर कमी. त्यात माझे सहा रविवार धरले नाहीत, बायकोने धरलेत. म्हणजे दोनशे डॉलरचा ॲक्सल हा प्रकार अस्तित्वातच नाही, यार्डात जे देता ते फक्त बयाणा. तरी याच पैशात डिस्क ब्रेकसकट, ३१ स्प्लाइनचा, लिमिटेड स्लिप ॲक्सल दुसरा कुठला मिळत नाही हे पण खरं, म्हणून वस्तूला साडेचार स्टार. अर्धा कापला तो त्या सी क्लिपसाठी, कारण शाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवणारं बाहेरच्या बाजूला दुसरं काही नाही, चाक शाफ्टसकट बाहेर यायला निघतं. रस्त्यावर चालवणाऱ्याला एवढं टेन्शन नको, पण ड्रॅग रेसच्या स्ट्रिपवर जाणार असाल तर विचार करा. वेल्डिंग करून देणारा भरवशाचा माणूस जवळ नसेल तर मात्र सरळ पैसे साठवा आणि ८ इंची शोधा, हा तुमच्यासाठी नाही.

परवा पहिल्यांदा बाहेर काढली. गल्लीतून दोन फेऱ्या, मग मोठ्या रस्त्याला. ॲक्सिलरेटर दिल्यावर एकदम शांत, सोडल्यावर ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलाला अगदी बारीक उंऽऽ असा आवाज येतो. रेकॉर्ड करून काकांना पाठवला. त्यांनी तीनदा ऐकला म्हणे, मग विचारलं थांबल्यावर भोपळ्याला हात लावून बघितलास का. लावला होता, गरम पण हात ठेवता येईल इतपत. "मग चालू दे. जुने दात हायेत, जरा बोलणारच." पाचशे मैल झाले की तेल काढून परत बोट घालून बघायला सांगितलंय.